ड्रॅगन राहू द्या, पाटकरी आणा

आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात झोपेचा हिशेब कोणाचाच लागत नाही. थ्री फेज बाराला यायची असते, ती साडेबाराला येते, कधी येऊन दहा मिनिटांत जाते. झोपलं तर जाग येत नाही आणि जागं राहिलं तर करायचं काय? इंदापूर तालुक्यात, शेळगावातल्या माझ्या वस्तीवर याचं उत्तर तीन वर्षांपूर्वी सापडलं. पुण्यात शिकणाऱ्या भाच्याने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना मला दिला. घरात सिंगल फेज असते, तेवढ्यावर तो चालतो. तेव्हापासून उसाला दारं धरायची वेळ होईपर्यंत मी 1403 सालच्या बोहेमियात असतो.

बोहेमिया म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा मोठा भाग. प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओने 2018 साली ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ नावाचा गेम काढला. त्याचा नायक हेन्री हा लोहाराचा पोरगा. त्याला तलवार धरता येत नाही. वाचता येत नाही. पुस्तक उघडलं तर पानावरची अक्षरं उलटसुलट दिसतात. एका लेखनिकाकडे जाऊन शिकलं की हळूहळू जागेवर येतात. पोटाला वेळेवर लागतं, शिळंपाकं खाल्लं तर बाधतं, अंग धुतलं नाही तर समोरचा नाक मुरडतो आणि कामाचं बोलत नाही. सगळा नकाशा सुमारे 16 चौरस किलोमीटरचा. मोटारसायकलवर दहा-पंधरा मिनिटांत आडवा पार होईल एवढाच. स्कालित्से, राताये, साझावा ही त्यातली गावं खरी आहेत, आजही तिथे लोक राहतात.

या गेमचा एक नियम मला सुरुवातीला फार छळायचा. खेळ होता तिथे जतन करायचा असेल तर हेन्रीला बिछाना गाठून झोपावं लागतं, नाहीतर एक विशिष्ट दारू प्यावी लागते. दारू महाग. आता आमच्या लाईटीला हा नियम कोणी सांगावा? सिंगल फेजही गेली की दोन तासांची मेहनत पाण्यात. बायको म्हणते, ‘स्वतःचं रान वाळतंय आणि हे लोकाचं राखत बसलेत.’ तिचं म्हणणं खोटं नाही. पण तिच्या त्या वाक्यानेच माझ्या डोक्यात किडा सोडला. लोकाचं रान एवढं जीव लावून राखता येतं, तर आपल्या रानाचा गेम का नाही?

ज्यांनी असे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंग्रजीत यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. मराठीत त्याला सोंगाचा खेळ म्हणावं. तुम्ही एका माणसाचं सोंग घेता आणि त्याच्या जागी बसून निर्णय करता. कोणाशी खरं बोलायचं, कोणाला फसवायचं, कोणाच्या बाजूने उभं राहायचं, हे तुम्ही ठरवता. त्याप्रमाणे गोष्ट वळते. हे आपल्याला नवीन आहे असं कोणी समजू नये. एकनाथांनी भारुडात वासुदेवापासून जोशापर्यंत सोंगं उभी केली. माझ्या लहानपणी बहुरूपी फौजदाराच्या वेशात दारात यायचा, ‘चला ठाण्यावर’ म्हणायचा, आणि आम्ही पोरं खरोखर आजीच्या मागे लपायचो. सोंग कसं वठवायचं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. प्रश्न एवढाच की सोंग कोणाचं घ्यायचं आणि ते कुठे उभं करायचं.

आणि इथेच सगळं गाडं अडलंय. दहातले सात-आठ खेळ उघडा, तेच दिसतं. दगडी किल्ला, बर्फ, टोकदार कानांची माणसं, दाढीवाले बुटके, गुहेत सोन्यावर बसलेला ड्रॅगन. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-फाशांचा खेळ काढला. त्याच्या मागे इतर पुस्तकांबरोबर टॉल्किनची पुस्तकंही होती. पुढे कॉम्प्युटरवाल्यांनी त्याची नक्कल केली, मग नकलेची नक्कल झाली. जपानसारख्या देशाने 1986 मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ काढला, तेव्हा त्यातही युरोपातलेच किल्ले आले.

यात टॉल्किनचा काही दोष नाही. तो ऑक्सफर्डात जुनी इंग्रजी शिकवायचा. बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात त्याच्या लहानपणाची काही वर्षं गेली, आणि त्याच्या कादंबरीतलं ठेंगू माणसांचं हिरवं गाव त्या खेड्यावरून आलं. म्हणजे त्याने आपल्याच गावचं आणि आपल्याच भाषेचं सोंग रचलं होतं. मागच्यांनी त्याची पद्धत उचलायला हवी होती. त्यांनी त्याचं सामान उचललं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हे मी माझ्या ओट्यावर घडताना पाहिलं. थोरली नववीत आहे. तिच्या चुलत-मावस भावंडांचा पाच जणांचा कंपू जमला होता. तिने शंभर पानी वहीत स्वतःचा सोंगाचा खेळ लिहिला होता. ती सांगणारी, बाकीचे खेळणारे, आणि लुडोचे दोन फासे. राज्याचं नाव एल्डोरिया. बर्फाचे डोंगर, त्यात शूरवीर. आमच्या पाचही पोरांपैकी एकानेही बर्फ पाहिलेला नाही. पाहिलाय तो लग्नातल्या सरबताच्या पिंपात. माझी आई बाजूला शेंगा फोडत बसली होती. बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग तिने विचारलं, ‘आगं, त्या बर्फात जनावरं खात्यात काय?’

वहीत याचं उत्तर नव्हतं. थोरली म्हणाली, ‘आजी, तिथं जनावरं नसतात, घोडे असतात.’ आई म्हणाली, ‘मग घोडी काय खात्यात?’ पोरं हसली, पण खेळ तिथेच मोडला. शूरवीराच्या घोड्याला वैरण कुठून येते, ती कोण कापतं, त्याला काय मिळतं, हे ठाऊक नसेल तर त्या राज्यात राहायचं कसं? माझ्या मते, जगातल्या निम्म्या गेम-लेखकांनी हा प्रश्न टेबलावर लिहून ठेवावा.

दुसऱ्या दिवशी वहीचं पान उलटलं. राज्य गेलं आणि एक चारी आली. नीरा डाव्या कालव्याची पाळी सुटली आहे, चारीवर सात शेतं आहेत, पाणी वरून खाली येतं, आणि शेवटचं शेत टेलला आहे. बारामती-इंदापूरच्या माणसाला ‘टेल’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इंग्रजांनी 1880 च्या दशकात हा कालवा काढला, त्यानंतरच्या पिढ्यांनी वरचा आणि टेलचा हे भांडण वारशात घेतलंय. पोरांनी सोंगं वाटून घेतली. एक पाणी वाटून देणारा पाटकरी, एक मेंढपाळ, एक डेअरीवर दूध घालणारा पोरगा, एक निमगाव केतकीच्या पानमळ्यात खुडायला जाणारी बाई. एका पुतण्याला काही केल्या ड्रॅगनच व्हायचं होतं. त्याची समजूत काढता काढता ड्रॅगनचा विजेचा डीपी झाला. बांधावर बसलेला, घुं-घुं आवाज करणारा, मधूनच जाळ ओकणारा, जवळ जायची कोणाची छाती नाही, आणि एकदा बिघडला की साऱ्या शिवाराने वर्गणी काढल्याशिवाय शांत न होणारा. मी आजवर पाहिलेल्या ड्रॅगनांमध्ये हा सगळ्यात खरा.

नियम असे बनत गेले. प्रत्येक रात्री ज्याच्या शेतावर पाणी आहे त्याने गुपचूप चिठ्ठी लिहायची, ‘राखतो’ की ‘फोडतो’. फोडलं तर त्याचं दुप्पट भिजतं, खालचा कोरडा राहतो. पण सकाळी सगळ्यांना चारी तुटलेली दिसते आणि पाटकऱ्याने विचारलं तर फासा टाकून खोटं वठवावं लागतं. पानमळ्यात चप्पल काढून जायचं. एक जण घाईत तसाच घुसला, त्याचा डाव बाद. धाकट्याच्या वाट्याला टेलचं शेत आलं होतं. तीन रात्री त्याला पाण्याचा थेंब मिळाला नाही. रडवेला झाला, पण उठला नाही. चौथ्या रात्री तो वरच्या शेतवाल्याला म्हणाला, ‘दादा, तुझ्या बैलाला वैरण नाही ना? माझ्याकडं उसाचं वाढं आहे. ते घे, आणि आज रात्री दारं मला धरू दे. तुझं भिजवून मग माझ्याकडं वळवतो.’ ओट्यावर शांतता पसरली. वरच्याला कळत होतं की पोरगं दारं धरेल तेव्हा पाणी कुठे वळेल ते अंधारात कोण बघणार? द्यावा का विश्वास? जेवायला तीन हाका झाल्या, एकही उठला नाही.

या खेळात कोणी मेलं नाही आणि कोणाला खजिना सापडला नाही. पोरांनी वापरलेली एकही गोष्ट त्यांना विचारून घ्यावी लागली नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे. गेमसाठी नवी जागा शोधताना लोक नवं दृश्य शोधतात. वाळवंट झालं, आता बेट घ्या. किल्ला झाला, आता देऊळ घ्या. खेळायला बसलं की तासाभरात कळतं की देखावा बदललाय, माणूस तोच आहे, कामं तीच आहेत. एखादं गाव कसं आहे हे तिथे काय दिसतं त्यावरून कमी आणि तिथे काय केलेलं चालत नाही त्यावरून जास्त कळतं. कोणाच्या दारात चप्पल घालून जायचं नाही, कोणाकडे पाणी मागायचं नाही, कोणाशी भांडण असलं तरी मयतीला जावंच लागतं. हे नियम खेळाच्या नियमांत उतरले तर शेळगावही नवं वाटेल. नाही उतरले तर चंद्रावर नेलं तरी जुनंच.

बाहेरच्या जगात ज्यांना हे उमगलं त्यांचे खेळ पाहा. 2022 साली अमेरिकेतल्या ऑब्सिडियनने ‘पेंटिमेंट’ काढला. 16 व्या शतकातला बव्हेरिया, तासिंग नावाचं कल्पित गाव, एक मठ आणि एक खून. नायक चित्रकार आहे, लढवय्या नाही. तपासाचं त्याचं एक मोठं हत्यार म्हणजे जेवण. दुपारी कोणाच्या टेबलावर बसायचं ते तुम्ही निवडता. एका घरी बसलात तर दुसऱ्या घरचं बोलणं कायमचं हुकतं. ताटात काय आहे त्यावरून घरची परिस्थिती कळते. मी हे खेळत होतो तेव्हा सारखं मनात येत होतं, कोण कोणाच्या पंगतीला बसतं आणि कोण कोणाच्या घरचं पाणी पितं यावर आपल्या मुलखात शतकं गेली, चळवळी झाल्या. आणि पंगतीवरचा खेळ सुचला तो मात्र अमेरिकनांना, तोही जर्मन खेड्यावर.

‘डिस्को एलिझियम’ 2019 चा, मूळ एस्टोनियातल्या मंडळींचा. एक दारुडा पोलीस, एक पडकं शहर आणि बंदरात चाललेला संप. त्यात मारामारीचा नेहमीचा पडदाच नाही, सगळं बोलण्यातून. तो खेळताना मला आमच्याकडची ऊसदराची आंदोलनं आठवली. फाट्यावर ट्रॅक्टरच्या टायरची हवा सोडायला उभा असलेला आणि स्टेअरिंगवर बसलेला, हे दोघं बहुतेक वेळा एकमेकांचे पाहुणे निघतात. एकाची भाची दुसऱ्याच्या घरात दिलेली असते. हवा तर सोडायची आहे, आणि परवा हळदीलाही जायचं आहे. राक्षस मारण्यापेक्षा हा पेच किती अवघड आहे ते खेळून बघावं.

आपल्याकडे कोणीच काही केलं नाही असं मात्र नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ आणला. लोकवर्गणीचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता, तरी ते मागे हटले नाहीत. डोंबाऱ्याच्या खेळासारख्या कसरती करणारी एक मुलगी, तिचा हरवलेला भाऊ, पहाडी चित्रांसारखी रंगसंगती, आणि दुर्गा-विष्णूंच्या तोंडून गोष्ट. तो काटेकोर अर्थाने सोंगाचा खेळ नाही, उड्या आणि लढायांचा आहे. पण आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी केलेलं काम जगाने वाखाणलं याचा मला अभिमान आहे. त्याआधी 2014 मध्ये भोपाळच्या पायरोडॅक्टिलने ‘अनरेस्ट’ केला होता. प्राचीन भारतासारख्या एका कल्पित देशात दुष्काळ पडलाय, शहरात धान्य नाही, आणि तुम्ही कधी मनाविरुद्ध लग्न ठरलेली शेतकऱ्याची मुलगी असता, कधी राजकन्या, कधी नागांचा दूत. चित्रं साधी होती, गाजावाजा झाला नाही. तरी दुष्काळाला गोष्टीच्या मध्यभागी बसवायची हिंमत त्यांनी केली, ती मला मोठी वाटते.

अडचण आहे ती आपल्या नेहमीच्या सवयीची. मराठी माणसाला विचारा, गेम कशावर काढावा? उत्तर ठरलेलं असतं, शिवाजी महाराज आणि गडकोट. माझ्याही घरात महाराजांची तसबीर आहे. इंदापूरशी तर त्यांच्या आजोबांचं, मालोजीराजांचं नातं. त्यांची गढी तिथे आहे. पण सोंगाच्या खेळाचा पाया असा की खेळणाऱ्याला चुकता आलं पाहिजे. त्याने भित्रेपणा केला, खोटं बोलला, नको त्याच्यावर भरवसा ठेवला, तर गोष्टीने ते सोसलं पाहिजे. महाराजांच्या हातून चूक करवण्याची मुभा कोण देणार, आणि का द्यावी? मग उरतो तो नुसता देखावा. खेळणारा आरती केल्यासारखा बटणं दाबतो. त्यापेक्षा त्यांच्या काळातला एखादा बिननावाचा जासूद घ्या. थैली पोचवायची आहे, नदीला पूर आहे, ज्या गावात मुक्काम करायचा तिथला पाटील कोणाच्या बाजूचा ते ठाऊक नाही. बहिर्जी नाईक वेश पालटण्यात तरबेज होते असं परंपरा सांगते. म्हणजे सोंगाचा खेळ स्वराज्यातही होताच, फक्त तो सिंहासनावर बसून खेळता येत नाही.

पुराणकथांचंही तेच. कोणी मला चिनी ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’चं नाव घेऊन गप्प करेल. 2024 साली तो जगभर खपला, आणि त्यात पुराणातलं वानरच आहे. खरं आहे. पण त्या लोकांनी शान्शी प्रांतातली खरी देवळं, खऱ्या मूर्ती बारकाईने मोजून-टिपून खेळात आणल्या. नंतर तिथे प्रवाशांची रीघ लागली. आमचं पुराण-प्रेम मात्र बहुतेक वेळा धनुष्यबाण आणि चमकणाऱ्या गदेपाशी संपतं. कोणत्या गावचं देऊळ, कोणत्या दगडाचं, पुजारी कोण, मानाचा नारळ कोणाचा, त्यावरून वाद कोणाचा? ते कोणी टिपत नाही. आपल्या पश्चिम घाटात होयसळांच्या नगरीचे अवशेष शोधणारा ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ 2017 मध्ये आला, तो कॅलिफोर्नियातल्या कंपनीचा. दिसायला देखणा. पण त्यात घाटातल्या माणसांशी बोलायला फारसं कोणी नव्हतं. डोंगर आमचा, माणसं गायब.

पडकी देवळं गेमवाल्यांना फार आवडतात. पाण्यात बुडालेलं देऊळ तर हमखास असतं. आत कोडी असतात, शेवटी मोठा राक्षस. आमच्या इंदापूर तालुक्यात ते खरंच आहे. भीमेवर उजनीचं धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाण्याखाली गेलं. ज्या उन्हाळ्यात धरण फार खाली जातं त्या उन्हाळ्यात ते शिखरासह बाहेर येतं, चिखलातून चालत लोक दर्शनाला जातात, फोटोवाले येतात. मी एकदा गेलो होतो तेव्हा काठावर एक म्हातारबा बोट दाखवून नातवाला सांगत होते, इथं वेस होती, तिथं आपला वाडा, त्या चिंचेखाली चावडी. समोर नुसतं भेगाळलेलं गाळाचं रान. नातू मोबाईलवर गेम खेळत होता.

गेममधल्या अवशेषांना मालक नसतो, म्हणून तिथलं सोनं उचलताना हात कापत नाही. पळसदेवच्या अवशेषांचे मालक वर, नव्या गावठाणात राहतात. त्यांचं रान गेलं आणि त्या पाण्यावर दुसऱ्यांचा ऊस उभा राहिला, माझ्यासारख्यांचाही. आता कल्पना करा की तुमच्या सोंगाला त्या देवळात उतरायचं आहे आणि वाट दाखवणारा म्हातारबा आधी विचारतोय, ‘तू धरणाच्या कुठल्या अंगाचा?’ ते कोडं सोडवायला तलवार कामाची नाही.

पैशाचंही असंच. नेहमीच्या खेळात तुम्ही रिकाम्या खिशाने सुरुवात करता आणि दोन तासांत सोन्याच्या नाण्यांनी थैली भरते. आपली म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या भागात उतरतात. रानाच्या कडेला कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती घरी कुठेतरी लग्नात, दवाखान्यात, घराच्या पत्र्यात खर्चून गेलेली असते. म्हणजे गोष्ट शून्याच्याही खालून सुरू होते. दोघांपैकी एक आजारी पडला तर अर्धा कोयता चालत नाही. खाडा धरला जातो. एका माणसाऐवजी एका जोडप्याचं सोंग घ्यायचं, सहा महिन्यांत उचल फेडायची, पोरांची शाळा बुडू द्यायची नाही, पहाटे तीनला गाडी भरायची. मी गेमवाला असतो तर सगळ्यात आधी हे केलं असतं.

इथे दोन आक्षेप येणार, मला माहीत आहेत. पहिला, दुसऱ्याच्या कष्टांचा खेळ करायचा का? आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तरही कोणीतरी देऊन ठेवलंय. अलास्कातल्या इन्युपियाक लोकांच्या कथेवर 2014 मध्ये ‘नेव्हर अलोन’ आला, तेव्हा अलास्कातल्या मूळ रहिवाशांचीच संस्था त्यामागे उभी होती आणि जाणती म्हातारी माणसं, कथेकरी त्यात सामील होते. कोयत्यावरचा गेम करायचा तर कोपीत वाढलेला एखादा पोरगा, एखादी पोरगी लिहिणाऱ्यांत हवी, आणि मिळकतीतही. माझ्यासारख्या बागायतदाराने ओट्यावर बसून तो लिहिला तर त्यात मुकादम फार भला निघेल अशी मला शंका आहे.

दुसरा आक्षेप धंद्याचा. शेळगावचा गेम घेणार कोण? राताये गावचा कोणी घेतला? मी घेतला. चेक लोकांनी त्या गेमसाठी 2014 मध्ये लोकांकडूनही पैसे उभे केले, कारण किल्ला-ड्रॅगनशिवाय कोण खेळणार हा प्रश्न त्यांनाही विचारला जात होता. 2025 मध्ये त्याचा दुसरा भागही आला. जपानच्या त्सुशिमा बेटावर बेतलेला गेम 2020 मध्ये निघाला. त्याच वर्षी वादळात तिथल्या एका देवळाची कमान पडली, तेव्हा ती उभारायला गेम खेळलेल्या परक्या लोकांनीही वर्गणी पाठवली. ज्या गावात कधी पाऊल टाकलं नाही त्या गावाची कमान पडली म्हणून खिशात हात घालावासा वाटणं, ही ताकद देखाव्यात नसते. तिथे काही दिवस राहून आल्यासारखं वाटलं पाहिजे.

आणि विषयांची आपल्याला कमतरता नाही. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आहे, लांडगा आहे. गेममध्ये लांडगे पहिल्या अर्ध्या तासात मारायचे असतात, कातडी विकायला. आमच्याकडे कळपावर लांडगा पडला तर धनगर शिव्या देतो, कुत्री सोडतो, पण त्याचाही वाटा आहे असं मानणारे जुने लोक मी पाहिलेत. तुकोबांची पालखी बेलवाडीचं गोल रिंगण करून अंथुर्ण्याहून आमच्या फाट्यावरून निमगाव केतकीला जाते. त्या वाटेवर सरपंच आणि सालगडी दोघांनाही एकच नाव, माऊली. सगळे खेळ तुम्हाला पदव्या वाढवत नेतात. पंढरपूरपर्यंत चालता चालता त्या गळून पडाव्यात असा खेळ अजून कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही.

पुण्यात आज गेम बनवणाऱ्या कंपन्या आहेत, शिकवणारे अभ्यासक्रम आहेत. आमच्या तालुक्यातली पोरंही तिथे पोचलीत. त्यांना माझं सांगणं आहे, संगणकावर एल्डोरिया उघडायच्या आधी एकदा घरी फोन लावा आणि आजीला विचारा, जनावरं काय खात्यात.

थोरलीची वही अजून घरात आहे. परवा रात्री लाईटीची वाट बघत, हेन्रीला जरा थांबवून मी ती चाळत होतो. शेवटच्या पानावर नियम लिहिलेत, एकूण अकरा. दहा तिच्या अक्षरात. अकरावा धाकट्याने लिहिलाय, वेड्यावाकड्या अक्षरात, ज्याला टेलचं शेत मिळालं होतं त्याने. ‘खेळताना लाईट गेली तर जिथं होतो तिथून परत चालू. कुणाचं पाणी बुडणार नाही.’

प्रागवाल्यांना हा नियम कळवावा असं मनात आलं. तेवढ्यात बाहेर स्टार्टर खटकला. मी हेन्रीला अर्ध्या वाटेवर तसाच सोडला आणि बॅटरी घेऊन रानात निघालो.